राठोड सरांची मोजणी

राठोड सर कोणाच्याही घरी गेले, की चहा येईपर्यंत त्या घराचा देश ठरवून मोकळे व्हायचे. भिंतीवरचे फोटो बघायचे, दारातल्या चपला बघायचे, घरात म्हातारी आजी असेल तर तिच्याजवळ जाऊन बसायचे, आणि मग बशीत चहा ओतता ओतता जाहीर करायचे, "तुमचं घर इराण आहे." समोरचा माणूस गडबडून जायचा. आमच्या ग्रंथपालांना तर त्यांनी सत्यनारायणाच्या दिवशी, हातात प्रसाद असताना, हे ऐकवलं होतं. ग्रंथपाल अजून दुखावलेले आहेत. सरांच्या मनात मात्र वावगं काही नसायचं. एका पिढीत सहा-सात मुलं आणि पुढच्याच पिढीत दोन, इतक्या झपाट्यानं खाली आलेला देश म्हणजे इराण, एवढंच त्यांना म्हणायचं असे.

माझं घर कोरिया. माझा मुलगा नि सून पुण्यात असतात आणि दोघांनी मला स्वच्छ सांगून टाकलंय, आई, आम्हाला मूल नको. हे मी सरांना स्टाफरूममध्ये आवाज खाली करून सांगितलं. वाटलं, माणूस धीराचे दोन शब्द बोलेल. तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही त सीधे कोरियात पोचल्या. तिथं बाईमागं एक लेकरू पुरं पडत नाही. सरकार पैसे देऊन राह्यलं, तरी पोट्टे होत नाहीत." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मुलावरचा माझा राग थोडा उतरला. एक अख्खा देश सोबतीला आहे म्हटल्यावर माणसाला बरं वाटतं.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. ते राहायला बोरी अरबला. तिथून स्कूटरवर यायचे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण मे महिन्यातही लावलेलं, आणि खिशात खडूचा तुकडा. तो खडू कुठेही बाहेर निघायचा. कँटीनच्या फरशीवर, पार्किंगच्या भिंतीवर, एकदा तर उभ्या एसटीच्या पत्र्यावर त्यांनी कंडक्टरला जपानची लोकसंख्या काढून दाखवली होती. जन्म तांड्यातला. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे, वडिलांच्या पिढीत शेती आली. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, वर्गात वऱ्हाडी, आणि संस्थेचे अध्यक्ष आले की एकदम जड पुस्तकी मराठी. ती ऐकताना मला हसू आवरायचं नाही, कारण मराठीची प्राध्यापक मी आणि 'तद्वतच' म्हणणारे ते.

लोकसंख्येचा धडा हा त्यांचा जीव. एकूण जननदर ही गोष्ट पोरांच्या डोक्यात शिरावी म्हणून त्यांनी एक बाईच तयार केली होती. तिचं नाव गंगाबाई.

"हे पाहा," ते फळ्याशी उभे राहून सांगायचे, "यंदा ज्या ज्या वयाच्या बाया आहेत, पंधरापासून त पन्नासच्या अलीकडं, त्या साऱ्या वयानं रांगेत उभ्या करा. कोण्या वयाच्या बायांले यंदा किती लेकरं झाली, ते पाहा. आता आपली गंगाबाई त्या रांगेतून चालत निंगाली. विशीतून गेली, तिशीतून गेली. ज्या वयात जितकं पडते, तितकं तिच्या ओटीत पडलं. रांग सरली तेव्हा ओटीत जितकी लेकरं, तो आकडा. गंगाबाई कुठंच राहत नाही, तिले शोधाले जाऊ नोका. पण देशादेशाची गंगाबाई येगळी. नायजरची सहा घेऊन निंगते, कोरियाची एकही पुरं नाही."

"काहून असं सर?" कोणी तरी विचारायचंच.

"पोरगी रांगेत शाळेतून शिरली का मांडवातून शिरली, ते पाहा. अन् झालेलं लेकरू जगंल याची तिले खात्री आहे का, ते पाहा. तितकंच आहे."

मग मागच्या बाकावरून एखादा शहाणा अमक्या जातीची गंगाबाई, तमक्या धर्माची गंगाबाई काढायचा. सर चिडायचे नाहीत. म्हणायचे, "तिच्या जातीले नोको विचारू बाप्पा, तिच्या शाळेले विचार." पोरं व्हरांड्यात त्यांना छेडायची, "सर, गंगाबाईले आज कितवं?" आणि सर न थांबता उत्तर द्यायचे, "दोन झाले, तिसऱ्याले नाही म्हणून राह्यली."

जगाची लोकसंख्या जागच्या जागी राहायला बाईमागे दोन पूर्णांक एक मुलं लागतात, हे ते शिकवायचे तेव्हा वर्गात हमखास हशा पिकायचा. पॉइंट एक लेकरू म्हणजे काय, पाय का डोकं, असं पोरं म्हणायची. त्यावरून सरांचं नावच पडलं होतं पॉइंट सर. एकदा एका मुलीनं मात्र न हसता विचारलं, सर, दोघांच्या जागी दोन पुरत नाहीत का? मी शेजारच्या वर्गात होते, दोन्ही वर्गांच्या मधे नुसतं पार्टिशन. सर म्हणाले, "पुरले असते माय. पण काही लेकरं मोठी होत नाहीत." आणि तास संपायला बराच वेळ होता तरी त्यांनी वर्ग सोडून दिला.

त्याचं कारण मला त्यांच्या आईच्या घरी कळलं. सर विद्यार्थ्यांना पाहणीसाठी स्वतःच्या तांड्यात घेऊन गेले होते आणि मुलींसोबत एक बाईमाणूस हवं म्हणून मलाही ओढलं होतं. त्यांची आई, याडी म्हणायचे ते तिला, दारात बाजेवर बसलेली. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "आजी, तुमाले लेकरं किती?"

"दोन," म्हातारी म्हणाली.

मुलगी पुढच्या घराकडे निघाली, तर सरांनी तिला थांबवलं. "असं विचारून भागत नाही. इकडं लेकरं किती म्हणलं का माणसं फक्त पोरं मोजतात. पोरी किती, येगळं विचार."

"दोन," म्हातारी म्हणाली.

"आता विचार, गेलेली किती."

ते ऐकल्यावर म्हातारी भडकली. तिनं गोरबोलीत लेकाला असं काही सुनावलं की सगळा तांडा दारात आला. मग लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि एकेक नाव घ्यायला लागली. कोण तापानं गेलं, कोण मुक्कामावर गेलं, कोणाला नाव ठेवायच्या आधीच नेलं. सर उभे होते ते तिच्या पायाशी बसले. नंतर परतीच्या वाटेवर म्हणाले, "मॅडम, त्यातली एक बहीण मले आजच माहीत झाली." तिथून पुढे त्यांचा एक नियमच झाला. प्रत्येक बॅचला ते बजावायचे: जन्मलेलं प्रत्येक लेकरू मोजायचं. पोरगं असो, पोरगी असो, जगो, जावो. आकड्यातून लेकरू सुटलं तर ते दुसऱ्यांदा मेलं.

तीन मुलं झाली की ग्रामपंचायतीचं पद जातं, हा आपल्याकडचा नियम. स्टाफरूममध्ये त्याच्यावरून वाद व्हायचे. आमचे इतिहासाचे सर टेबलावर मूठ आपटून म्हणायचे, हेच पाहिजे, दंडुक्याशिवाय माणसं सुधरत नाहीत. राठोड सर म्हणायचे, "दंडुका कोणाच्या पाठीत बसते ते त पाहा. तिसरं पाह्यजे का नको, हे जिले कोणी विचारलंच नाही, तिचीच खुर्ची जाते. आकडा दंडुक्यानं उतरत नाही, शाळेनं उतरते." मग नियम मोडावा काय, असं कोणी डिवचलं, की ते मान हलवायचे. "नियम चुकीचा असू शकते. आकडा चुकीचा नोको." हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की त्यांच्या विद्यार्थ्यांना झोपेतही म्हणता येईल.

त्यांची मुलगी संगीता. भूगोलात एम. ए., बापासारखीच सरळ बोलणारी. जवळच्याच एका तांड्यात दिली होती. नवरा विनोद वणीला कोळशाच्या ट्रकवर. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि सासरच्यांनी हिला उभं केलं, शिकलेली आहे, सही तरी धड करेल म्हणून. ती निवडून आली आणि सहीपुरती राहिली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं अल्पवयीन मुलीचं लग्न थांबवलं, ऐन हळदीच्या दिवशी, पोलीस घेऊन जाऊन. ती मुलगी उपसरपंच प्रकाशची पुतणी. प्रकाश आमच्याच कॉलेजचा, सरांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं त्या दिवशी अपमान गिळला, पण विसरला नाही. संगीतानं मग एसटीच्या ऑफिसात खेटे घालून तांड्यापर्यंत सकाळची गाडी आणली, पोरी तालुक्याला शिकायला येऊ लागल्या. सर त्या गाडीच्या वेळेला कॉलेजच्या फाटकाशी उभे राहायचे. पोरी उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मी दुसऱ्या कोणत्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

संगीताला दोन मुली होत्या. सासूला नातू हवा होता. विनोदला काय हवं होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही, तो ट्रकवर असायचा आणि ट्रकवरून घरी यायचा. संगीताला तिसऱ्यांदा दिवस गेले ते सरपंच होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. तिच्या लक्षात यायला उशीर झाला, की लक्षात आणून द्यायला कोणी उशीर केला, मला ठाऊक नाही. ती बोरी अरबला बापाकडे आली तेव्हा मी योगायोगानं तिथेच होते. मी उठायला लागले, तर सर म्हणाले, बसा मॅडम, बसा. त्यांना बहुतेक एकट्यानं ऐकायचं नव्हतं.

"खुर्ची सोड बाई," सर म्हणाले. "राजीनामा दे. लेकरू होऊ दे."

"मी सोडली त कोण बसन, बापू? प्रकाशच बसन ना. मंग पोरींची लग्नं कोण थांबवन?" ती रडत नव्हती, भांडत होती. "तुम्हीच शिकवलं. पोरगी मांडवातून रांगेत शिरली का आकडा वाढते म्हणून. मी तिथं फाटकात उभी हाय. मी हटली त साऱ्या पोरी मांडवातून जातीन."

"मंग काय करतं?"

तिनं सांगितलं. तिची मोठी जाऊ मंदा, तिला एकच मुलगा होता. म्हणजे नियमात तिच्याकडे जागा होती. बाळ मंदाच्या नावावर लावायचं, घर एकच, छप्पर एकच, फक्त उरलेल्या मुदतीचा प्रश्न. सासूनं ठरवलं होतं, तांड्यानं मान डोलवली होती. मला वाटलं, आता हा माणूस नाही म्हणेल. त्यांनी खिशातून खडू काढला, बोटात फिरवला आणि परत ठेवून दिला.

संगीता शेवटचे महिने वणीला नवऱ्याच्या खोलीवर राहिली, मंदा सोबतीला. तिसरीही मुलगीच झाली. कागदावर आई म्हणून मंदा लागली. कशी लागली, ते मी विचारलं नाही. नाव ठेवलं आरोही, आरू म्हणतात. संगीता पुढच्या ग्रामसभेला खुर्चीवर हजर होती. दूध दाटून अंगाला ताप भरलेला, आणि ही बाई नळयोजनेवर बोलत होती. हे मला मंदानंच नंतर सांगितलं, पदरानं डोळे पुसत.

वर्ष-दीड वर्षानं एके दिवशी सर स्टाफरूममध्ये माझ्या समोर येऊन बसले. म्हणाले, "आरू बोलाले लागली."

"अरे वा," मी म्हणाले. "पहिलं काय बोलली?"

"याडी म्हणली. मंदाले." चहा तसाच ठेवून ते खिडकीबाहेर बघत राहिले. "संगीताले काकी म्हणते. शिकवा लागलं तिले. थोरल्या दोघींलेबी शिकवा लागलं, कोणापुढं बहीण म्हणाचं नाही. लहान लेकरं हायत मॅडम, चुकतात. चुकल्या का आजी चापट मारते."

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. नियम करणाऱ्यांचा, सासूचा, संगीताचा, त्या विनोदचा. बायकोची खुर्ची टांगणीला लागली, लेकीची आई बदलली, पण विनोदच्या ट्रकचं एक चाकही कोणी काढून घेतलं नाही. मी हे सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "राग मलेबी येते. पण सकाळची गाडी पाहतो, पोरी उतरतात, अन् मंग कोणावर काढावा ते समजत नाही."

तांड्यात गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हतं. बोलायची वेळ संगीतानंच आणली. तिनं आणखी एक लग्न थांबवलं, आणि ते थेट प्रकाशच्या मुलीचं निघालं. मुलगी सोळाची, नवरदेव चांगल्या घरचा, पत्रिका वाटून झालेल्या. आता मात्र प्रकाश पेटला. त्याला तक्रार घेऊन यवतमाळला कलेक्टरकडे जाता आलं असतं. पण तांड्याचं भांडण आधी तांड्यात मिटवायचं, नायकासमोर मांडायचं, ही तिथली रीत. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया. त्यांनी बैठक बोलावली आणि राठोड सरांना निरोप धाडला.

सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. वाटेत ते एकच बोलले, "मॅडम, तुम्ही आत नोका येऊ." मी आत गेलेच.

मंदिरासमोरच्या ओट्यावर पुरुष, बाजूला बायका. संगीता खुर्चीवर बसली नव्हती, बायकांतच होती. मंदाच्या मांडीवर आरू, हातात भिजून लिबलिबीत झालेलं बिस्कीट. प्रकाश उभा राहिला. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, पण तो हात जोडून बोलला.

"नायक, मले कागद पाहाचा नाही. कागदावर कोणाचं नाव हाये ते साऱ्याइले माहीत हाये. मी सरांचा विद्यार्थी होय. सरांनी शिकवलं, नियम चुकीचा असू शकते, आकडा चुकीचा नोको. त सरांनीच सांगावं, संगीताबाईले लेकरं किती. ते तीन म्हणले त मी उद्या यवतमाळले जातो. दोन म्हणले त पुन्हा तोंड उघडत नाही."

नायकांनी सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले. काळा चष्मा काढला, परत घातला. संगीता त्यांच्याकडे बघत होती आणि मंदाही. ओट्याच्या कडेला शाळेचे गणवेश घातलेल्या चार-पाच पोरी उभ्या होत्या, त्यांत प्रकाशची मुलगी होती. आरूनं आजोबांना ओळखलं आणि बिस्किटाचा हात त्यांच्या दिशेनं पसरला.

"दोन," सर म्हणाले.

"सर, तुम्हीच शिकवलं, एकदा विचारून भागत नाही," प्रकाश म्हणाला. "पोरी किती?"

"दोन."

"गेलेली किती?"

"एकबी नाही."

"अन् दुसऱ्याच्या ओटीत घातलेली?"

सरांनी आरूकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं, असं मला आजही वाटतं. "दोनच आहेत, प्रकाश," ते म्हणाले.

प्रकाश खाली वाकला, सरांच्या पायांना हात लावला आणि मुलीला घेऊन निघून गेला. सर खोटं बोलले हे त्याला कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं. मग रीतीप्रमाणे चहा आला. सरांनी घेतला नाही.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "माही याडी गेलेली लेकरं मोजत नव्हती. मी तिले भांडून मोजाले लावली." पुढे फाटा आला. मग म्हणाले, "मी त जितीजागती सोडून देल्ली, मॅडम. समोर बसली होती."

मी म्हणाले, सर, त्या गणवेशातल्या पोरींसाठी केलंत. ते म्हणाले, "हो. त्यायच्यासाठीच केलं." आणि मान फिरवून बाहेर बघू लागले.

त्यानंतर सरांनी घरांचे देश ठरवणं सोडलं. निवृत्तीला थोडे महिने होते. त्यांनी लोकसंख्येचा धडा शिकवला, पण पुस्तकात पाहून, व्याख्या वाचून. पोरांनी गंगाबाईचं विचारलं तर म्हणाले, ती परीक्षेत येत नाही. मी पार्टिशनच्या अलीकडून ऐकत होते. संगीतानं मुदत पुरी केली. गाडी चालू राहिली. प्रकाशची मुलगी आमच्या कॉलेजात आली, भूगोल घेतला तिनं. मी कधी कधी मनात तराजू धरून बघते, एका पारड्यात त्या पोरी, एका पारड्यात आरू. मला काही ते जमत नाही. सरांनाही जमलं नसावं, कारण लेकीच्या सासरी जाणं त्यांनी जवळजवळ बंदच केलं होतं. आरू समोर आली की आजोबा उठून आत जातात, अशी तक्रार संगीतानं माझ्याकडे केली होती.

पुढच्या खेपेला आरक्षण फिरलं, संगीताची जागा गेली. दिवाळीला ती माहेरी आली ती तिन्ही मुलींना घेऊन. आरूला मंदाशिवाय आणायची ही पहिलीच वेळ. मी फराळाचा डबा घेऊन बोरी अरबला गेले तेव्हा संगीता अंगणात आरूची वेणी घालत होती. मोठ्या हौसेनं, सावकाश, संपूच नये अशी.

"आता कायची भीती नाही, मॅडम," ती म्हणाली. "आता इले सांगून टाकते. हळूहळू शिकन." मग पोरीच्या कानाशी वाकून म्हणाली, "आरू, मी कोण? याडी म्हण मले. म्हण ना वं."

आरू खुदकन हसली. मोठ्या माणसांनी केलेली गंमत कळल्यासारखी. "तू त काकी होय," म्हणाली, आणि उडी मारून पळाली.

सर ओसरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. संगीतानं हातातली रिबीन गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. मीही उगाच डब्याचं झाकण काढून लावत बसले.

थोड्याच वेळात पोरी आपसात खेळताना आरू फाटकाशी पडली. गुडघा चांगलाच फुटला. "याडी!" तिनं असा टाहो फोडला की संगीता सगळं टाकून धावली, पोरीला उचलून छातीशी धरलं, "आली, आली माय, मी आली" म्हणाली. आरू क्षणभर थांबली, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दुप्पट रडायला लागली. तिला सोडवून घेऊ लागली. "तू नाही. मले याडी पाह्यजे. काकी, मले याडीकडं ने."

संगीतानं खूप केलं. फुंकर घातली, साखर दिली, कावळा दाखवला. पोर निळी पडेपर्यंत रडत होती. शेवटी संगीतानं बापाकडे पाहिलं. सर उठले. आत जाऊन शर्ट घालून आले, बटणं सगळी लावलेली नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

"दे," ते म्हणाले. "मंदाकडं नेऊन देतो."

"बापू, आज राहू द्या ना. एक रात."

"तिले तिची माय पाह्यजे, बाई," सर म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनी डोळे मिटले. पण शब्द परत घेतला नाही.

संगीतानंच आरूला स्कूटरवर पुढे उभी केली, तिचे दोन्ही हात आरशांच्या दांड्यांवर नीट ठेवले, फ्रॉक सारखा केला. याडीकडे जायचं म्हटल्यावर पोर गप्प झाली होती, नुसते हुंदके येत होते. सरांनी एक हात तिच्या पोटाशी धरला. ते फार सावकाश चालवतात, त्यामुळे गाडी वळणापर्यंत जायला बराच वेळ लागला. वळणावर आरूनं मागे पाहिलं. तिला आता बरं वाटत होतं. तिनं हात वर करून जोरजोरात हलवला आणि ओरडली, "टाटा काकी!"

संगीता फाटकाला धरून उभी होती. तिनंही हात हलवला.